तापमानवाढ, अर्थसाहाय्य आणि बड्या राष्ट्रांची जबाबदारी : पुण्याच्या ताळेबंदातून एक अभ्यास

दि. १६ व १७ जानेवारी २०२३ रोजी पुणे शहरात जी-२० राष्ट्रगटाच्या पायाभूत सुविधा कार्यगटाची बैठक भरली होती. भारताच्या अध्यक्षपदाच्या काळातील या कार्यगटाची ही पहिलीच बैठक होय. ऑस्ट्रेलिया व ब्राझील हे देश सहअध्यक्ष होते. बैठकीपुढील मुख्य विषय होता : उद्याची शहरे उभारण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? पूर, उष्णता व पाणीटंचाई यांना तोंड देऊ शकतील अशी शहरे उभी करावयाची, तर त्यासाठी लागणारे भांडवल महापालिकांच्या नेहमीच्या उत्पन्नातून निघणे अशक्य आहे, ही गोष्ट सर्वच प्रतिनिधींना मान्य होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी दिल्ली येथील शिखर परिषदेने या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वांना संमती दिली. मात्र ती तत्त्वे ऐच्छिक आहेत. ती कोणत्याही राष्ट्रावर बंधनकारक नाहीत.

ऐच्छिक व बंधनकारक यांतील हे अंतर म्हणजेच हवामानबदलविषयक अर्थसाहाय्याच्या प्रश्नाचे मर्म होय. पृथ्वीचे तापमान वाढविण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांनी त्याच्या निवारणाचा खर्चही मोठ्या प्रमाणात सोसावा, हे तत्त्व जगाने १९९२ मध्येच मान्य केले. त्यानंतर परिषदा झाल्या, करार झाले, आकडेही जाहीर झाले. तथापि हा पैसा प्रत्यक्षात कोणत्या रूपाने येतो, तो अनुदान असतो की कर्ज, आणि अखेर त्याची परतफेड कोण करतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुणे शहर व महाराष्ट्रातील काही प्रकल्पांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

जबाबदारी कशी ठरते?

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. त्याचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात टिकून राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. म्हणजेच आजची तापमानवाढ ही केवळ आजच्या धुराची नव्हे, तर गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांतील साठलेल्या धुराची परिणती आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत सरासरी दीड अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्ण ठरले. असे हे पहिलेच वर्ष.

हा मुद्दा ग्रामीण वाचकाला कालव्याच्या उदाहरणाने चटकन उमगेल. कालव्यात पाणी ठरावीकच असते. तोंडाशी असलेल्यांनी प्रारंभीच भरमसाट पाणी उचलले, तर शेवटच्या टोकावरील, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत चारी कोरडी पडते. अशा वेळी ‘आता सर्वांनी सारखीच काटकसर करावी’ असे तोंडाशी बसलेल्याने सांगणे न्यायाचे ठरत नाही. वातावरणाची वायू सामावून घेण्याची क्षमता ही अशीच मर्यादित आहे, आणि तिचा मोठा भाग काही राष्ट्रांनी आधीच वापरून टाकला आहे.

औद्योगिक क्रांतीपासून आजवर इंधनाच्या ज्वलनातून जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला गेला, त्यातील सुमारे एक-चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. युरोपातील राष्ट्रांचा एकत्रित वाटा त्याच्या जवळपास जातो. जगाच्या लोकसंख्येच्या सहाव्या भागाहून अधिक लोक असलेल्या भारताचा वाटा मात्र तीन-चार टक्क्यांच्या घरातच राहतो. दरडोई हिशोब केला असता अमेरिकेतील एक नागरिक वर्षाला सुमारे १४ टन, चीनमधील सुमारे ८ टन, तर भारतातील सुमारे २ टन वायू सोडतो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे.

परिणामांचे वाटप मात्र याच्या उलट आहे. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९६२ पासून मान्सूनच्या अभ्यासाला वाहून घेतले आहे. या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा पहिला समग्र अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले आणि १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. याच संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासूनच्या साडेसहा दशकांत तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले. एकूण पाऊस कमी, पण कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो, हा शेतकऱ्याचा अनुभव शास्त्राच्या कसोटीवरही खरा ठरला आहे.

तत्त्व मान्य, व्यवहार अपुरा

पर्यावरणाच्या प्रश्नाला दारिद्र्याच्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाही, ही भूमिका भारताच्या तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी १९७२ मध्ये स्टॉकहोम परिषदेत मांडली. पुढे वीस वर्षांनी रिओ दि जानेरो येथे संयुक्त राष्ट्रांचा हवामानबदलविषयक आराखडा करार सह्यांसाठी खुला झाला. ‘जबाबदारी सर्वांची समान, पण प्रत्येकाचा वाटा वेगळा’ हे सूत्र त्यात स्वीकारले गेले. विकसनशील राष्ट्रांना या कामी येणाऱ्या वाढीव खर्चासाठी विकसित राष्ट्रांनी ‘नवे व अधिकचे’ अर्थसाहाय्य द्यावे, अशी स्पष्ट तरतूदही त्यात आहे. नवे व अधिकचे हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्वीपासून चालत आलेल्या विकासविषयक मदतीवर नुसता नवा शिक्का मारून ती पुन्हा मोजणे या तरतुदीला अभिप्रेत नाही.

१९९७ च्या क्योटो करारान्वये विकसित राष्ट्रांवर उत्सर्जन घटविण्याचे बंधन आले. अमेरिकेने करारावर सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. २०१५ च्या पॅरिस कराराने सर्वच राष्ट्रांना आपापली उद्दिष्टे स्वतः ठरविण्यास सांगितले. अमेरिका त्यातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा निर्णय तिने जाहीर केला. हरित हवामान निधीसाठी अमेरिकेने २०१४ मध्ये तीन अब्ज डॉलरचे वचन दिले होते, मात्र २०१७ पर्यंत त्यातील एकच अब्ज जमा झाले. एखाद्या गावाने सार्वजनिक विहिरीसाठी वर्गणी ठरवावी आणि सर्वांत मोठ्या वाड्याने दर चार वर्षांनी आपला शब्द फिरवावा, अशी ही स्थिती आहे.

शंभर अब्ज डॉलरचा हिशोब

कोपनहेगन येथे २००९ मध्ये विकसित राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर, म्हणजे दहा हजार कोटी डॉलर, उभे करण्याचे मान्य केले. विकसित राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्याच आकडेवारीनुसार २०२० मध्ये हा आकडा ८३.३ अब्जांवर थांबला. उद्दिष्ट प्रथम पार पडले ते २०२२ मध्ये, ११५.९ अब्ज डॉलर इतक्या रकमेसह.

वरवर पाहता वचन दोन वर्षे उशिरा का होईना पूर्ण झाले, असे वाटते. परंतु या रकमेतील सार्वजनिक निधीची फोड केली असता त्यातील सुमारे ६९ टक्के भाग कर्जाचा असल्याचे दिसते. अनुदानाचा भाग त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय कर्जाची रक्कम या हिशोबात पूर्ण धरली जाते.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. बाजारात ज्या कर्जाला सात टक्के व्याज पडते, तेच कर्ज एखाद्या राष्ट्राने चार टक्क्यांनी दिले, तर घेणाऱ्याचा लाभ वर्षाकाठी शेकडा तीन रुपयांचा. मुद्दल तर परत करावयाचेच आहे. तरीही देणाऱ्याच्या वहीत पूर्ण शंभर रुपये ‘साहाय्य’ म्हणून नोंदले जातात. सवलतीचे मोल जरूर धरावे, परंतु मुद्दलाला मदत म्हणणे व्यवहाराला धरून नाही. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

पुण्याचा ताळेबंद

आता पुण्यातील तीन प्रकल्पांचा आर्थिक ताळेबंद पाहू. पैसा उभा करण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती त्यात आढळतात.

पहिला प्रकल्प पुणे मेट्रोचा. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ११,४२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट व वनाज ते रामवाडी या दोन मार्गांपैकी पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला. खाजगी वाहने घटून धूर कमी व्हावा, हा मेट्रोचा एक हेतू असल्याने अशा प्रकल्पांना हवामानविषयक कर्जे मिळू शकतात. पुणे मेट्रोसाठी युरोपियन गुंतवणूक बँकेने एकूण ६० कोटी युरोचे कर्ज मंजूर केले. त्यातील २० कोटी युरोच्या पहिल्या हप्त्याचा करार जुलै २०१९ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या प्रारंभी फ्रान्सच्या विकास संस्थेशी २४.५ कोटी युरोच्या कर्जाचा करार झाला होता.

ही कर्जे उपयुक्त ठरली, यात संशय नाही. त्यांची मुदत लांब असते आणि एवढे भांडवल देशांतर्गत बाजारात त्या अटींवर सहजी मिळत नाही. पण परकीय चलनातील कर्जाला आणखी एक बाजू असते. २०१९ च्या मध्यास एक युरो सुमारे ७७ रुपयांना पडत होता. २०२५ च्या उत्तरार्धात तो शंभर रुपयांच्या वर गेला. म्हणजे २०१९ मध्ये उचललेल्या १०० युरोंचे ७,७०० रुपये हाती आले असतील, तर केवळ मुद्दल फेडण्यासाठी आज १०,००० रुपयांहून अधिक मोजावे लागतील. व्याजाचा दर कितीही सवलतीचा असला, तरी विनिमयाचा हा धोका घेणाऱ्याच्याच माथी असतो.

दुसरा प्रकल्प मुळा-मुठा नदीच्या प्रदूषण निवारणाचा. तो मूलतः नदीच्या स्वच्छतेचा आहे, परंतु परदेशी निधी कोणत्या वाटेने शहरापर्यंत येतो हे समजण्यासाठी तो उत्तम नमुना आहे. जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेशी झालेल्या करारान्वये भारत सरकारला सुमारे १९ अब्ज येन, म्हणजे त्या वेळचे सुमारे एक हजार कोटी रुपये, कर्जाऊ मिळावयाचे ठरले. व्याज सालाना ०.३० टक्के, परतफेडीची मुदत ४० वर्षे आणि त्यांपैकी पहिली १० वर्षे सवलतीची. ९९०.२६ कोटी रुपयांच्या मूळ अंदाजातील सुमारे ८५ टक्के रक्कम केंद्र सरकारने पुणे महापालिकेला अनुदान म्हणून द्यावयाची व उरलेला भाग महापालिकेने घालावयाचा, अशी रचना होती. त्यातून सांडपाणी शुद्धीकरणाची ११ केंद्रे उभारावयाची होती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात जी रक्कम अनुदान म्हणून दिसते, तीच देशाच्या हिशोबात कर्ज असते. शहराला ती फेडावी लागत नाही, पण २०५० नंतरही देशाची तिजोरी ती फेडत राहील. अनुदान हा शब्द ऐकताच पैसा फुकट आला, असा समज करून घेणे योग्य नव्हे.

तिसरी रीत स्वतःच्या पतीवर पैसा उभा करण्याची. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विक्रीस काढले. मुदत १० वर्षे, व्याज ७.५९ टक्के. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंद झाली, आणि नगरपालिका रोख्यांच्या इतिहासात या घटनेला महत्त्वाचे स्थान मिळाले. कमी पावसाच्या वर्षी खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांतील साठ्यावर शहर व शेती या दोहोंचा ताण पडतो. अशा स्थितीत गळती रोखून पाणी मोजून देणे हे हवामानबदलाशी जुळवून घेण्याचेच काम होय. या रोख्यांवरील व्याज वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये होते. एवढ्याच रकमेवर ०.३० टक्के दराने व्याज केवळ ६० लाख रुपये झाले असते. येन व रुपया यांतील विनिमयाचा धोका लक्षात घेऊनही ही तफावत थोडी म्हणता येणार नाही. ज्या कामाला जगाने हातभार लावावयाचा, ते काम पुणेकर आपल्या पाणीपट्टी व मिळकतकरातून फेडत आहेत.

जेथे कर्ज चालत नाही

मेट्रोला तिकिटाचे उत्पन्न असते. सौरऊर्जा प्रकल्प वीज विकतो. अशा कामांसाठी कर्ज काढणे समजण्यासारखे आहे. परंतु ओढ्याची भिंत, पुराचा इशारा देणारी यंत्रणा, डोंगरउतारावरील वस्तीचे स्थलांतर, उष्णतेच्या लाटेत मजुरांसाठी सावली व पाणी या कामांतून पैशाचे उत्पन्न मिळत नाही. त्यांतून जीव वाचतात.

दि. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात काही तासांच्या पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले व लष्कराला पाचारण करावे लागले. त्यापूर्वी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेच्या आसपास माणसे दगावली. यांपैकी कोणतीही एक दुर्घटना केवळ जागतिक तापमानवाढीमुळे घडली, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. ओढ्यांची रुंदी घटणे, पूररेषेतील बांधकामे, उतारांवरील बदल ही स्थानिक कारणेही तितकीच खरी आहेत व त्यांची जबाबदारी बाहेरच्यांवर ढकलता येणार नाही. मात्र अतिवृष्टीचे प्रसंग वाढत असताना संरक्षणाचा खर्चही वाढतो. या वाढीव खर्चाचा जो भाग तापमानवाढीमुळे आला, त्यासाठी गरिबांनी कर्ज काढावे हे न्याय्य नाही. पहिल्यांदा नुकसान सोसावयाचे आणि मग त्याच नुकसानीच्या निवारणासाठी घेतलेल्या पैशावर व्याजही भरावयाचे, असा हा दुहेरी भार होतो.

अनुदानातून काय साधते, याचा एक जुना दाखला महाराष्ट्रातच आहे. १९९० च्या दशकात जर्मनीच्या अनुदानातून व राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या, म्हणजे नाबार्डच्या, सहभागाने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम अवर्षणप्रवण गावांत राबविला गेला. आज पुण्यात मुख्यालय असलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था १९९३ मध्ये याच कार्यक्रमाच्या अनुषंगाने स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी श्रमदान केले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद्‌संधारणाची कामे झाली. त्या काळी ‘हवामान अर्थसाहाय्य’ हा शब्द रूढ नव्हता. तरीही परक्या देशाचे अनुदान, देशी संस्थेची व्यवस्था व गावाचे श्रम यांचा मेळ बसला, तर दुष्काळाशी झुंजण्याचे बळ गावात कसे येते, हे त्यातून दिसून आले.

आजच्या काळातील दोन प्रकल्पांची तुलनाही उद्बोधक आहे. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील १५ जिल्ह्यांच्या सुमारे पाच हजार गावांसाठी राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पास जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर दिले. हे कर्ज आहे, आणि प्रकल्पाचा सुमारे ३० टक्के भार राज्य शासनाने उचलला. दुसरीकडे, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा या राज्यांच्या किनारपट्टीसाठी हरित हवामान निधीने २०१८ मध्ये ४.३४ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. कांदळवनांचे रक्षण व मच्छीमार कुटुंबांना पर्यायी उपजीविका, हे त्याचे हेतू. परंतु या प्रकल्पाच्या सुमारे १३ कोटी डॉलर खर्चातील बाकीचा, म्हणजे दोन-तृतीयांश, भार भारतानेच वाहावयाचा आहे. कर्ज मोठे व अनुदान लहान, हे जागतिक चित्र महाराष्ट्रातही तसेच उमटले आहे.

बड्या राष्ट्रांचे म्हणणे

विकसित राष्ट्रांचा मुख्य आक्षेप असा की, देणगीदारांची यादी १९९२ ची आहे आणि त्यानंतर जग बदलले. आज वार्षिक उत्सर्जनात चीन पहिल्या क्रमांकावर असून जगाच्या जवळजवळ एक-तृतीयांश कार्बन डायऑक्साइड तेथे निर्माण होतो. तरीही जुन्या यादीनुसार चीनवर पैसा देण्याचे बंधन नाही. या आक्षेपात तथ्य आहे. समर्थ झालेल्या राष्ट्राने आपला वाटा वाढविला पाहिजे. तथापि नवा वाटेकरी पुढे येईपर्यंत जुन्या देणेकऱ्याने हात आखडता घ्यावा, असा त्याचा अर्थ होत नाही. देणे यादी बदलल्याने फिटत नसते.

भारतही केवळ मागणीपत्र घेऊन उभा नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट त्याने २०२१ मध्ये जाहीर केले. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता २०३० पर्यंत खनिज इंधनाशिवाय उभारण्याचे वचन २०२५ मध्येच, पाच वर्षे आधी, पूर्ण झाले. प्रत्यक्ष वीज मात्र अद्याप मोठ्या प्रमाणात कोळशातूनच येते, हेही तितकेच खरे. भारताचे आजचे एकूण उत्सर्जन जगात तिसऱ्या क्रमांकाचे आहे. त्यामुळे आपली जबाबदारी टाळून दुसऱ्याकडे बोट दाखविणे भारताला परवडणारे नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील राष्ट्रांची मागणी १,३०० अब्ज डॉलरची होती. हा आकडा केवळ आवाहनाच्या स्वरूपात ठरावात राहिला. ही रक्कम अगदीच तुटपुंजी असल्याचे सांगून भारताने या निर्णयाला जाहीर हरकत नोंदविली. २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे, जुळवून घेण्याच्या कामांसाठीचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचे आवाहन झाले. प्रत्यक्ष हानीच्या भरपाईसाठी २०२२ मध्ये मान्य झालेल्या निधीला प्रारंभी जेमतेम ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली.

या सर्वांत एक आशादायक गोष्ट घडली. दि. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लात्मक मतात असे स्पष्ट केले की, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून ते मोडल्यास त्याचे कायदेशीर परिणामही संभवतात. वानुआतू या प्रशांत महासागरातील चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने हा प्रश्न न्यायालयापुढे गेला होता. सल्लात्मक मताची सक्तीने अंमलबजावणी होत नाही, पण नैतिक मागणीला त्यामुळे कायद्याचे अधिष्ठान लाभले.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

बाकू व बेलेम येथील निर्णयांचा आपल्या ग्रामपंचायतीशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. आंतरराष्ट्रीय निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत नाही. मान्यताप्राप्त संस्थांमार्फत तो येतो. नाबार्डला अनुकूलन निधीसाठी २०१२ मध्ये व हरित हवामान निधीसाठी २०१५ मध्ये अशी मान्यता मिळाली. परंतु अशा संस्थेने प्रस्ताव करावयाचा, तर त्याला आधार लागतो तो गावच्या नोंदींचा. कोणत्या वर्षी किती पाऊस एका दिवसात पडला, कोणत्या शिवारात माती वाहून गेली, विहिरींची पातळी कोणत्या महिन्यात तळाला गेली, पुरात किती घरे व जनावरे गेली, याची सलग नोंद ज्या गावाकडे आहे, त्याची मागणी पुराव्यासह उभी राहते. पंचनाम्याचे कागद नुकसानभरपाईपुरते वापरून बासनात बांधून न ठेवता ते वर्षानुवर्षे जपले, तर तेच उद्या हानीच्या दाव्याचे साधन होतील.

ग्रामपंचायत विकास आराखडा वा नगरपालिकेचे अंदाजपत्रक तयार करताना कोणत्याही योजनेविषयी काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पैसा अनुदानाचा आहे की कर्जाचा? कर्ज असल्यास ते कोणत्या चलनात आहे आणि फेडणार कोण? कामातून उत्पन्न येणार की केवळ संरक्षण मिळणार? नंतरच्या देखभालीचा खर्च कोठून येणार? आणि हे काम पूर्वीच्याच योजनेचे नवे नाव तर नव्हे? हे प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदले गेले, तर योजनेचा खरा भार सभासदांना आधीच कळेल. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानामुळे अनेक ग्रामपंचायतींना भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार कामांची मांडणी करण्याचा सराव झाला आहे. त्या मांडणीला पैशाच्या हिशोबाची जोड देणे कठीण नाही.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. शाळेच्या अंगणातील पर्जन्यमापक, वहीतील रोजच्या नोंदी आणि गावातील वडीलधाऱ्यांकडून मिळालेली जुन्या दुष्काळांची माहिती यांतून विद्यार्थ्याला हवामानाचा अभ्यास करता येईल. सरळव्याज शिकविताना पुणे महापालिकेच्या रोख्यांचे किंवा मुळा-मुठा प्रकल्पाच्या कर्जाचे उदाहरण घेतल्यास गणित आणि नागरिकशास्त्र हे दोन्ही विषय एकाच तासात शिकविता येतील.

बड्या राष्ट्रांनी आपला वाटा उचलावा, ही मागणी न्यायाची आहे व ती सातत्याने करीत राहिली पाहिजे. परंतु मागणीचे बळ हिशोबात असते. परदेशातून आलेल्या प्रत्येक रुपयाचे स्वरूप ज्या देशाच्या पंचायती, नगरपालिका व शाळांना ठाऊक आहे, त्या देशाच्या प्रतिनिधीचा शब्द जागतिक परिषदेत अधिक वजनाचा ठरेल. कर्जाला मदत म्हणू न देणे, अनुदानाचा विनियोग चोख करणे आणि ओढ्या-नाल्यांच्या बाबतीत आपले स्वतःचे कर्तव्य न चुकविणे या तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यांना प्रारंभ करता येईल.